वाचकांचे प्रश्न : एमपीएच निवडताना काय पाहावं?

प्रश्न : जीवशास्त्रात पदवी घेतली आहे, आता सार्वजनिक आरोग्यात एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) करायचं आहे. सगळ्या विद्यापीठांची माहितीपत्रकं सारखीच वाटतात. फरक कसा ओळखायचा? गणित कच्चं आहे, चालेल का?

उत्तर : विषयांच्या यादीवरून फरक कळणार नाही. साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, पर्यावरणीय आरोग्य, आरोग्य धोरण व व्यवस्थापन आणि सामाजिक-वर्तनशास्त्र हे पाच विषय जवळपास सगळीकडे असतात. त्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका मागवा. ‘संवेदनशीलतेची व्याख्या लिहा’ एवढ्यावरच भागत असेल, तर शिकवणं पाठांतराचं आहे. चांगला प्रश्न असा असतो : आजार १ टक्का लोकांना आहे, चाचणीची संवेदनशीलता (आजारी लोकांना आजारी म्हणून ओळखण्याचं प्रमाण) ९० टक्के, विशिष्टता (निरोगी लोकांना निरोगी ठरवण्याचं प्रमाण) ९५ टक्के, १०,००० जणांची तपासणी करावी का? मांडून पाहा. १०० आजाऱ्यांपैकी ९० सापडतात, पण ९,९०० निरोगी लोकांपैकी ४९५ जणही पॉझिटिव्ह येतात. एकूण ५८५ पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी जेमतेम १५ टक्के. उरलेल्यांची पुढची तपासणी, खर्च आणि धास्ती यांचं काय करायचं, इथून खरा अभ्यास सुरू होतो.

गणित एवढंच लागतं : अपूर्णांक, टक्केवारी, थोडे लॉगरिदम. बाकीचं ‘आर’ किंवा ‘स्टेटा’ ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर करतात. विद्यार्थी अडतात ते छेदापाशी, म्हणजे आकडा कोणत्या लोकसंख्येतून आला आहे हे पाहताना. दोन जिल्ह्यांचे मृत्युदर तसेच शेजारी ठेवले, तर तरुणांची संख्या जास्त असलेला जिल्हा उगाच निरोगी दिसतो. आधी वयानुसार प्रमाणीकरण करावं लागतं, म्हणजे दोन्हीकडे वयोगटांचं प्रमाण सारखं धरून दर काढावे लागतात. तसंच, उपचार सुधारून रुग्ण जास्त वर्षं जगू लागले की नवे रुग्ण तेवढेच असूनही एकूण रुग्ण वाढतात. या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की भीती बरीच ओसरेल.

क्षेत्रकार्याबद्दल नेमकं विचारा : किती आठवडे, मार्गदर्शक कोण, शेवटी आरोग्य यंत्रणेच्या हाती काय पडतं? प्रबंध बहुतेकदा नैतिकता समितीच्या मंजुरीत अडकतो आणि माहिती गोळा करायला वेळच उरत नाही. म्हणून प्रस्ताव पहिल्या वर्षाच्या आतच सादर करा. मोठ्या सर्वेक्षणाची तयार आकडेवारी वापरणार असाल, तर नमुना-भार (प्रत्येक उत्तरदाता लोकसंख्येतल्या किती जणांचं प्रतिनिधित्व करतो, तो आकडा) लावायला विसरू नका. नाहीतर मुद्दाम जास्त संख्येने निवडलेले गट अख्ख्या लोकसंख्येचं चित्र बिघडवतात.

प्रश्न : ‘पॉप्युलेशन हेल्थ’ नावाचा अभ्यासक्रम वेगळा असतो का?

उत्तर : बराचसा भाग सामाईकच. भर मात्र आरोग्य समाजात कसं विभागलं गेलं आहे आणि ते तसं का, यावर असतो. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५मध्ये मांडलेला मुद्दा इथे पायाभूत आहे : थोडाच धोका असलेल्या पुष्कळ लोकांतून येणारे रुग्ण, मोठा धोका असलेल्या मूठभरांतून येणाऱ्यांपेक्षा जास्त भरू शकतात. म्हणूनच उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना गोळ्या देण्याबरोबर सगळ्यांच्याच खाण्यातलं मीठ कमी करण्याचा विचार होतो. नावापेक्षा असमानता मोजायला शिकवणारा स्वतंत्र पेपर आहे का, ते तपासा.