चांगल्या घरची, शिकलेली मुस्लिम मुलं आयसिससारख्यांच्या नादी का लागतात? आणि हे रोखता येतं का?

प्रश्न कल्याणच्या मुलांवरून सुचलेला दिसतोय, तर तिथूनच सुरू करतो. मी याच पट्ट्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. ती चार मुलं माझ्या वर्गातली नव्हती, पण त्याच वयाची, तशाच घरांतली मुलं रोज समोर बसतात. त्यामुळे हा विषय जरा जास्तच वाचला गेलाय.

मे 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण जियारतला (धर्मस्थळांच्या यात्रेला) निघालेल्या एका गटाबरोबर बगदादला गेले आणि तिथून गट सोडून, आयसिसला मिळायला, मोसुलच्या दिशेने पसार झाले. त्यातला एक इंजिनिअरिंगला होता, वडील डॉक्टर. तो नोव्हेंबरात परत आला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) अटक केली, सहा वर्षांहून जास्त काळ तो कच्च्या कैदेत राहिला आणि 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा जामीन कायम ठेवला. चौकशीत त्याने काय सांगितलं याच्या बातम्या तेव्हा झळकल्या होत्या: लढायला गेलेल्याला तिथे म्हणे संडास धुवायला आणि पाणी भरायला लावलं. लोक हसले. पण डॉक्टरच्या घरातला मुलगा इथलं सगळं टाकून तिथवर पोचतो, तर इथे त्याला काय मिळत नव्हतं, हे कुणी विचारलं नाही.

याची दोन उत्तरं लोकांच्या तोंडावर असतात. एक म्हणजे गरिबी, दुसरं म्हणजे 'त्यांचा धर्मच तसा'.

गरिबीचं उत्तर कल्याणनेच खोडून काढलंय. बाहेरही तेच. 7 जुलै 2005 ला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट होऊन 52 जणांचा जीव गेला. हल्लेखोर चौघांचा म्होरक्या लीड्सच्या एका प्राथमिक शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना हात देणारा कर्मचारी होता. नोकरी होती, बायको होती, मूल होतं.

धर्माचं म्हणाल, तर बर्मिंगहॅमच्या दोन मित्रांचं प्रकरण बघा. 2013 मध्ये सीरियात लढायला निघण्याआधी त्यांनी ॲमेझॉनवरून काय मागवलं? इस्लामची तोंडओळख करून देणारं, अगदी नवख्यांसाठी लिहिलेलं पुस्तक! आयसिसचे भरतीचे हजारो फॉर्म 2016 मध्ये फुटले. त्यात शरियतची माहिती किती, असा एक रकाना होता. दहापैकी सात जणांनी तिथे 'प्राथमिक' असं भरलं होतं. चांगला अभ्यास आहे म्हणणारे अगदी मोजके. धर्माचा काही संबंधच नाही असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं होईल. भाषा धर्माचीच वापरली जाते, कुराणातल्या आयती आणि हदीस (पैगंबरांची वचनं) मागचापुढचा संदर्भ तोडून तोंडावर फेकल्या जातात. पण ज्याला संदर्भ माहीत आहे त्याच्यावर ही मात्रा चालत नाही. जो घरच्या चालीरीतींपासून तुटलाय आणि धर्म यूट्यूबवर शिकतोय, त्याच्यावर चालते.

आरी क्रुग्लान्स्की या मानसशास्त्रज्ञाची मांडणी मला पटते. आपण कुणीतरी आहोत असं वाटण्याची गरज, त्या गरजेला दिशा देणारी एखादी गोष्ट, म्हणजे कहाणी, आणि ती गोष्ट खरी मानणारा गोतावळा, हे तिन्ही एका जागी आले की माणूस त्या वाटेला लागतो. गरज आणि गोष्ट यांवर सगळे बोलतात, गोतावळा राहून जातो. 2015 चा पॅरिसचा हल्ला आणि 2016 चा ब्रुसेल्सचा, दोन्हींत सख्खे भाऊ आणि लहानपणापासूनचे दोस्त. पॅरिसच्या हल्ल्यातल्या, ब्रुसेल्सच्या मोलेनबीक भागातल्या अब्देसलाम भावांचा तर बार होता, आणि पॅरिसच्या हल्ल्याच्या थोडंच आधी तो अमली पदार्थांच्या भानगडीत बंद झाला होता. आधी टोळकं होतं, विचार मागून आला.

बेल्जियमची लोकसंख्या मुंबईपेक्षा कमी. तिथून चारशेहून जास्त लोक सीरिया-इराकला गेले. भारतात 2011 च्या जनगणनेनुसार 17 कोटींवर मुस्लिम. इथून गेलेले त्या प्रमाणात पासंगालाही पुरत नाहीत. का? माझं मत असं, की इथे मुलगा एकटा पडणंच मुळात अवघड. घरात आजी, खाली चहाची टपरी, मोहल्ल्याची जमात, उरूस, लग्नकार्यं. कुणी ना कुणी कान पकडणारं असतं. 2015 मध्ये देशभरच्या हजारावर उलेमांनी (धर्मपंडितांनी) आयसिसविरुद्ध फतवा काढला, त्याचाही मोहल्ल्यात वजन पडण्याइतका उपयोग झाला. मात्र फोन हातात आल्यापासून दहा जणांच्या खोलीतसुद्धा पोरगा एकटा असू शकतो.

आता अपमानाबद्दल, कारण गरज तिथून उगवते. माझ्या वर्गात बॉम्बस्फोटाची बातमी आली की दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून 'काय रे, तुझा मामा का?' असा विनोद होतोच. ज्याला उद्देशून होतो तो पोरगाही हसतो. इंजिनिअरिंग करून नोकरीला लागलेला माझा एक माजी विद्यार्थी डोंबिवलीत भाड्याने खोली शोधत होता. फोनवर सगळं ठरायचं, भाडं, डिपॉझिट, चावी कधी. नाव सांगितलं की 'अहो, ती कालच गेली.' शेवटी तो मुंब्र्यालाच राहायला गेला. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं जिथे सरकली, तिथेच.

त्याहून जड प्रकरणं आहेत. सप्टेंबर 2006 मध्ये मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी कबरस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते मुस्लिम, पकडले तेही मुस्लिम. नऊ जण. त्यांनी तुरुंगात पाच वर्षं काढली आणि 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. भरती करणाऱ्याला म्हणूनच फार खोटं बोलावं लागत नाही. तो मालेगाव सांगतो, गाझा सांगतो, इराक सांगतो. त्यातलं बरंचसं खरं असतं. खोटं असतं ते शेवटचं वाक्य: 'म्हणून आता तू हे कर.'

हेच सगळं सोसून लाखो मुलं बी.कॉम. करतात, वर्कशॉप टाकतात, नीटला बसतात, हेही लक्षात ठेवा. आणि ही यंत्रणा मुस्लिमांपुरती नाही. 2019 मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मशिदींत घुसून 51 जणांना मारणाऱ्या गोऱ्या तरुणाकडेही तसलीच एक गोष्ट होती, फक्त पात्रं बदललेली.

रोखता येतं का? येतं. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहराने ते करून दाखवलंय. 2013 मध्ये तिथून सुमारे 30 जण सीरियाला गेले होते. 2014 मध्ये तो आकडा एक-दोनवर आला. तिथल्या एका मुलाची हकिगत नंतर रेडिओवर सांगितली गेली. लहानपणी स्थलांतरित म्हणून आलेला मुलगा. वर्गात इस्लामवर चर्चा चालू असताना एक मुलगी मुस्लिमांना नाही नाही ते बोलली, हा भडकला आणि तोंडाला येईल ते बोलून बसला. शिक्षकांनी मुख्याध्यापकांना कळवलं, त्यांनी पोलिसांना. घराची झडती झाली. सापडलं काही नाही, पण त्या धामधुमीत त्याची परीक्षा हुकली. थोड्याच दिवसांत आई वारली. त्यात एक नवा दोस्तांचा कंपू भेटला, ज्यांना त्याचा राग कळत होता. खोलीवर बसून व्हिडिओ बघायचे, बाहेर जायच्या गोष्टी करायच्या.

आणि मग पोलिसांचा फोन आला. फोन करणाऱ्या अधिकाऱ्याने झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली आणि कॉफी प्यायला बोलावलं. तिथे त्याची गाठ घालून दिली ती एका मुस्लिम मार्गदर्शकाशी, ज्याने स्वतः हेच टोमणे खात तिथे आपलं बस्तान बसवलं होतं. पुढे महिनोन् महिने दोघं भेटत राहिले. मुलगा परत शिकायला लागला.

मला या हकिगतीत सगळ्यात मोठी वाटते ती पोलिसाची माफी. आपल्याकडे तेवढं एक वाक्य कुणी बोलल्याचं आठवतं का?

ऑर्हुसमध्ये पोलीस, पालिका आणि शाळा एका टेबलाशी बसतात. ही व्यवस्था जुनी आहे, आणि कट्टरवादासाठी ती आधी अतिउजव्या गोऱ्या पोरांवरच वापरली गेली होती. सीरियाहून परतलेल्याने गुन्हा केल्याचा पुरावा असेल तर खटला. नसेल तर डॉक्टर, घर, शिक्षण यांची सोय. डेन्मार्कमध्येच यावर 'लाड चाललेत' म्हणून भरपूर टीका झाली. टीका समजू शकतो, पण आकडे ऑर्हुसच्या बाजूने आहेत.

उलट उदाहरण ब्रिटनचं. बर्मिंगहॅमच्या ज्या दोघांबद्दल वर लिहिलं, त्यातल्या एकाच्या आईला घरात मुलाची चिठ्ठी सापडली. तिने आपणहून पोलिसांना कळवलं, मुलाला वाचवा म्हणून. दोघं परतल्यावर 2014 मध्ये त्यांना बारा वर्षं आठ महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. ती आई जाहीरपणे म्हणाली की पोलिसांनी विश्वासघात केला, आता दुसरी कुठलीच आई पुढे येणार नाही. कायद्याच्या हिशोबात शिक्षा बरोबरही असेल. पण घरात काय शिजतंय हे पहिल्यांदा आईला, बहिणीला नाहीतर जिवलग मित्राला कळतं. त्यांनी तोंड उघडायचं बंद केलं की उरलेली सगळी यंत्रणा आंधळी. त्याच शहरात 2010 मध्ये मुस्लिम वस्त्यांभोवती दहशतवादविरोधी निधीतून दोनशेहून जास्त कॅमेरे बसवले होते, काही छुपे. बोंबाबोंब झाल्यावर काढावे लागले. कॅमेऱ्याला चिठ्ठी सापडत नाही.

आपल्या एटीएसनेही (दहशतवादविरोधी पथक) एकदा शहाणपणाचं काम केलंय, त्याची पुरेशी वाखाणणी झाली नाही. 2015 च्या अखेरीस पुण्यातली एक अल्पवयीन मुलगी इंटरनेटवरून आयसिसवाल्यांच्या संपर्कात असल्याचं उघड झालं. तिच्यावर गुन्हा न लादता घरच्यांना आणि धर्मगुरूंना बरोबर घेऊन तिचं समुपदेशन केलं गेलं.

माझा स्वतःचा अनुभव लहानसा आहे. एका विद्यार्थ्याची आई स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत येईना. 'सर, किसी को बोलना मत,' इथूनच सुरुवात. पोरगा नमाजी झाला याचं तिला काहीच नव्हतं, उलट आनंदच होता. पण त्याने टीव्हीची वायर कापली, मामाच्या मुलीच्या लग्नाला आला नाही, दर्ग्याच्या नियाजचं (प्रसादाचं) ताट सरकवून दिलं आणि आईलाच म्हणाला, तुम्ही लोक मुसलमान नाहीच. रात्रभर फोनवर कुठल्याशा 'भाई'शी बोलणं. तिला पोलिसांकडे जायची भीती, नवऱ्याला सांगायचीही भीती. कदाचित नुसतं वयाचं खूळ असेल. मी धर्मावर अवाक्षर काढलं नाही, तो माझा प्रांत नाही आणि माझं ऐकलंही नसतं. मेडिकल स्टोअर चालवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला, त्याच मोहल्ल्यातल्या, कामाला लावलं. त्याने पोराला संध्याकाळी दुकानात बसवायला सुरुवात केली. हळूहळू कळलं की नीटमध्ये दुसऱ्यांदा आपटल्यापासून घरात त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. पोरगा पुढे डी.फार्म.ला गेला. टीव्ही मात्र अजून बंदच आहे म्हणे, आणि ते त्यांचं ते बघतील.

तुमच्या ओळखीत असं काही असेल आणि म्हणून विचारत असाल, तर दाढी, टोपी, नमाज, हिजाब यांवरून काहीही ठरवू नका. जुने मित्र एकदम तोडलेत का, घरच्यांनाच काफिर ठरवतोय का, हिंसेचं समर्थन करतोय का, हे बघा. वाद घालून जिंकायला जाऊ नका. जिंकलात तर तो तुमच्याशी बोलणं बंद करेल आणि 'भाई'शी चालू ठेवेल. ज्याचं तो ऐकतो असा वयाने थोडा मोठा माणूस शोधा, आणि धर्माचं बोलायचंच असेल तर त्यांच्याच पंथाचे जाणकार मौलाना गाठा. पासपोर्टची घाई, पैशांची जमवाजमव, निरवानिरवीची भाषा किंवा कुणाला मारायचं बोलणं कानावर आलं, तर मात्र थांबू नका, एटीएसला कळवावंच लागेल. तेव्हा एकटे जाऊ नका. एखादा फौजदारी वकील आणि मोहल्ल्यातला वजनदार माणूस बरोबर घ्या, काय सांगितलं ते लिहून त्याची पोच घ्या, आणि मुलगा अल्पवयीन असेल तर वयाचा दाखला पहिल्याच दिवशी हातात ठेवा.