कोयी अजून खड्ड्यातच असतील

पत्र:

मावशी, मी नेरूळला राहतो. वय ४०, नोकरी ऐरोलीत, बायकोची ठाण्याला. मुलगा दहा वर्षांचा, सोमवारी पाचवीत जाईल. एप्रिलमध्ये मी त्याच्यासाठी सुट्टीची यादी केली होती: पोहणं, सायकल, राजापूरकडच्या आमच्या गावी आठ दिवस, एखादा गड. पोहण्याच्या वर्गात नंबर लागला नाही. गावच्या गाडीचं तिकीट वेटिंगवरून हललंच नाही. गडाचं उन्हामुळे राहिलं. मला रजा मिळाली ती दोन दिवस. आई गेल्यावर दिवाळीपासून वडील आमच्याकडेच आहेत, त्यामुळे पोराला पाळणाघरात ठेवावं लागलं नाही एवढंच. दोघं दिवसभर घरात. गॅलरीत आंब्याच्या कोयी पसरून ठेवल्या होत्या, पोराने त्यांवर स्केचपेनने आकडेही टाकले होते. चिलटं फार झाली म्हणून रविवारी मी सगळ्या खाली सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकून आलो. बाकी टीव्ही आणि मोबाइल. शाळा जवळ आली म्हणून असेल, रविवारपासून तो गप्प गप्प आहे. माझ्या लहानपणच्या सुट्ट्या आठवल्या की पोटात तुटतं. या शनिवार-रविवारी अलिबागला रिसॉर्ट घेऊ का? बावीस हजार जातील. बायको नको म्हणते. पण पोराला निदान एक तरी आठवण राहावी असं वाटतं.
– नेरूळचा एक बाबा

उत्तर:

पत्रं ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने मी उत्तरं देते. तुमचं काल आलं आणि आज घेतलं, कारण सोमवारनंतर या उत्तराचा उपयोग नाही.

तो शाळेमुळे गप्प नाही. तो रविवारपासून गप्प आहे, आणि रविवारी तुम्ही त्याच्या कोयी टाकल्या. या दोन्ही गोष्टी तुम्ही स्वतःच्या हाताने एकाच पत्रात, एकीखाली एक लिहिल्यात, आणि तरी तुम्हाला त्यांचा एकमेकींशी संबंध लागला नाही. याचा मला राग आला. पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा जास्त आला.

दहा वर्षांचं पोर कचऱ्यावर आकडे टाकत नाही. आकडे आहेत म्हणजे कुठेतरी वही आहे. त्या वहीत सात नंबरचा आंबा कुठला, कोणी आणला, कधी खाल्ला, गोड होता की आंबट, असं काहीतरी लिहिलेलं असणार. दोन महिने तो मोबाइलवर होता असं तुम्ही लिहिता. तुम्ही घरी यायचात तेव्हा तो मोबाइलवर असायचा, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी काय चालायचं, हे त्या गॅलरीला ठाऊक होतं.

आणि दुपारी तिथे तो एकटा नव्हता. तुमचे वडील राजापूरकडचे. तिकडे पावसाच्या आधीच्या कामांना काय म्हणतात, ते तुम्हाला मी सांगायला नको: आगोट. कौलं परतायची, पडवीला झड बांधायची, लाकडं आत घ्यायची, कांदे टांगायचे, मीठ-मसाला भरून ठेवायचा. जन्मभर प्रत्येक मे महिन्यात या माणसाने हे केलं, आणि तुमची आई बरोबर होती. यंदा पहिल्यांदा आगोट आली आणि त्यांच्यापाशी ना घर, ना ती. फ्लॅटमध्ये आगोटीचं काय काम असणार? त्यांनी शोधलं. खाल्लेल्या आंब्याची कोय धुवायची, ठेवायची, आणि पाऊस पडला की लावायची. सोबतीला नातू घेतला.

बाबा त्या रविवारी काय म्हणाले, हे तुमच्या पत्रात नाही. म्हणजे काही म्हणालेच नसणार. मुलाच्या घरी राहायला आलेला बाप म्हणत नाही.

चिलटं झाली हे मला मान्य आहे. कोयीला गर चिकटलेला राहिला की चिलटं येतातच, आणि घर आवरावं लागतंच. पण एक हाक मारून विचारायला किती वेळ लागला असता?

त्या कोयी कशासाठी होत्या, हे तुम्ही कोकणातले असूनही विसरला आहात, म्हणून सांगते. कोयीतली बी फार दिवस टिकत नाही. डाळ-तांदळासारखी कडकडीत वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही. आतून सुकली की मेली. आंबा खाल्ल्यावर थोड्याच आठवड्यांत ती मातीत जावी लागते. मृग ७-८ जूनला लागतो, मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला धरतात. म्हणजे ज्या आठवड्यासाठी त्या दोघांनी सगळी जमवाजमव केली, नेमक्या त्याच आठवड्याच्या तोंडाशी तुम्ही गॅलरी साफ केलीत.

आणखी एक. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल असं नाही, झाड आपल्या मनाने वेगळं निघतं. म्हणून कोयीपासून आधी रोप करतात आणि पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस असतानाच, त्यावर चांगल्या झाडाची काडी बांधतात. कोय कलम. जून ते ऑगस्ट हाच त्याचा हंगाम. तुमच्या वडिलांना ते बांधता येत असेल तर त्यांच्या डोक्यात नुसत्या कोयी नव्हत्या, पुढचे तीन महिने होते. नातू शाळेतून आला की त्याला दाखवायला काहीतरी. विचारलंय कधी तुम्ही त्यांना?

तुमच्या लहानपणच्या सुट्ट्या आठवून पोटात तुटतं म्हणता. त्या सुट्ट्यांत कोण होतं? हाच माणूस. ती सुट्टी तुम्हाला ज्याने दिली, तो तुमच्या गॅलरीत बसून तुमच्या मुलालाही तीच देत होता. तिकीट वेटिंगवर अडकलं, पण गाव तुमच्या घरी येऊन राहिलं होतं. पोहण्याबद्दल, सायकलीबद्दल, गडाबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. त्यातलं काहीही त्या पोराला या क्षणी आठवत नाहीये.

तेव्हा रिसॉर्ट नाही. बावीस हजार असतील तर राहू देत, दिवाळीत गावी जायला लागतील, त्याची तिकिटं मात्र वेळेत काढा.

आज संध्याकाळी घरी गेल्यावर चहाच्याही आधी पोराला जवळ घ्या आणि म्हणा, ‘तुझ्या कोयी मी तुला न विचारता टाकल्या. माझं चुकलं.’ इथे थांबा. चिलटांचं काढू नका. नव्या आणून देतो, असंही म्हणू नका. नव्या कोयींवर त्याचे आकडे नाहीत. तो रडला तर रडू द्या, चिडला तर ऐकून घ्या. मग बाबांकडे जाऊन हेच म्हणा, पोरासमोर.

आणि तिघं खाली खतखड्ड्यापाशी जा.

हो, खरंच. तुमच्या पत्रात मला एकच गोष्ट देवासारखी वाटली, की तुम्ही त्या कोयी घंटागाडीत टाकल्या नाहीत. कोयीचं कवच कडक असतं, ते कुजायला महिने लागतात. पाच दिवसांत त्यांना काही होत नाही. भीती आहे ती उष्णतेची, कारण खड्डा आतून तापतो. हात घालून पाहा, जिथे गरम लागेल तिथल्या कोयींचा भरवसा नाही, पण वरच्या थरातल्या आणि कडेच्या शाबूत असतील. सफाईचं काम करणाऱ्या दादांना विचारा, खड्डा या आठवड्यात वरखाली केलाय का. माझ्या नौपाड्यातल्या इमारतीमागच्या खड्ड्यातून दर जूनमध्ये आंब्याची रोपं आपोआप वर येतात, कोणी लावत नाही.

स्केचपेनचे आकडे धुऊन गेलेले असतील. तिथे बाबांची गरज लागेल. रायवळाच्या कोयीला धाग्यांची दाढी असते, हापूसची त्यामानाने साफ असते; त्यांची नजर हे सेकंदात ओळखेल, आणि पोरगा वहीतून नंबर काढेल. तुम्ही फक्त उकरायचं. तुमचे कपडे खराब झालेले त्या पोराला दिसले पाहिजेत. सेक्रेटरींनी काय चाललंय विचारलं तर खरं सांगा.

दहा सापडतील, कदाचित चारच. जेवढ्या सापडतील तेवढ्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावा, पिशवीला खाली भोकं पाडून, माती त्याच खड्ड्यातलं खत मिसळून. कोय किती खोल आणि कुठली बाजू वर, हे बाबा सांगतील तसं. मध्ये बोलू नका. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. तोवर शाळा सुरू झालेली असेल आणि दप्तर पाठीला लावून तो आधी गॅलरीत डोकावेल. त्या पिशव्यांना पुन्हा चिलटं लागली तरी हात लावायचा नाही.

मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. माझ्या मुलीचा चिंचोक्यांचा एक डबा होता. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री कपाट आवरताना मी तो टाकला, आणि कचरा सकाळीच गेला. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या मे महिन्यात तिने काहीच जमवलं नाही. मला उकरायला खड्डाच नव्हता. तुम्हाला आहे, म्हणून जा म्हणते.

अंधार व्हायच्या आत पोचा. एक जुनी बादली न्या, खुरपं न्या, आणि बाबांना फार वेळ वाकवणार नाही, तेव्हा त्यांच्यासाठी वरून एक खुर्ची न्या.