जुनी कौलं, मातीची भिंत आणि आपला पाऊस

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्यात भाड्याने राहतो, मुरबाडजवळ गावी थोडी जागा आहे. माती आणि जुन्या सामानात स्वस्त घर होईल का? पावसात टिकेल?

उत्तर : होईल की, आणि टिकेलही, पण मातीच्या घराला वरून छत्री आणि खालून बूट हवेत हे आधी डोक्यात ठेवा, म्हणजे दगडाचं जोतं कमीत कमी दीड-दोन फूट आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढं छप्पर पुढे, कारण आपल्याकडे झड भिंतीवर बसली की माती सुटतेच. नुसत्या मातीची भीती वाटत असेल तर ५ ते १० टक्के सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या विटा वापरा, भट्टी लागत नाही. भाजलेल्या विटाच हव्या असतील तर स्वस्त घरं बांधणारे वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट ट्रॅप पद्धत बघा, विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात, साधारण २५ टक्के विटा वाचतात आणि घर थंड राहतं. आतल्या आडभिंतींना कारवीचा कूड, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती लिंपून केलेली भिंत, मला तर फार आवडतो!

पाडलेल्या घरांची सागवानी दारं, खिडक्या, मंगलोरी कौलं आधी घ्या, मगच नकाशा काढा, नाहीतर चौकटी बसत नाहीत. लाकूड टोचून बघा, वाळवी कळते. आणि हो, जागा शेतीची असेल तर परवानगीचं तलाठ्याकडे आधी विचारा.