वेळ मागून घे

पोरा,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, ओळीआड एक ओळ मोकळी सोडलीय. एका दमात वाचू नकोस. कंटाळलास तर ताईला मोठ्यानं वाचायला लाव.

काल वडील तुला उद्यमनगरात माझ्या शेडवर घेऊन आले. "ह्याच्या डोक्यात काय शिरत नाही. नववीतनंच काढतो, लेथवर घ्या." तू मान खाली घालून उभा. पण टेबलावरच्या पुलीच्या ड्रॉइंगमधली चावी बसायची खाच बघून माझ्या कारागिराला हळूच म्हणालास, "काका, कीवे उलट्या बाजूला धरलाय." बरोबर होतं तुझं.

तरी तुला घेणार नाही. रागावू नकोस.

भ आणि म, ३६ आणि ६३, माझाही कायम घोळ. गुरुजी वाचायला उठवायचे, वर्ग खिदळायचा. दहावीआधीच शाळा सोडली आणि पुढं छाती काढून सांगत फिरलो, शाळेनं काय दिलं असतं? तीन मशीनं उभी केली, हे काय खोटं नाही. पण एकदा बोअर, म्हणजे आतलं भोक, २५.३६ चा हवा होता, मी २५.६३ चा काढला. चाळीस ओतीव कास्टिंग भंगारात. मालकाला म्हणालो, चष्मा घरी राहिला. तेव्हा मला चष्माच नव्हता.

तेव्हापासनं बोट ठेवून एकेक आकडा वाचतो, तीनदा. वेळ लागतो. त्यावरनं इथं कुणी मला ढ म्हणत नाही, सांभाळून काम करतो म्हणतात. शाळेत हाच वेळ मी मागितला नाही. मागायचा असतो हेच ठाऊक नव्हतं.

म्हणून सांगतो, वेळ मागून घे. तुझं नेमकं काय ते तपासणारे सांगतील. डिस्लेक्सिया निघाला तर तो अकलेचा दोष नव्हे. अक्षराचा आवाजाशी मेळ बसायला उशीर लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. प्रमाणपत्र असलं की दहावीच्या बोर्डाला जादा वेळ मिळतो, लेखनिकही घेता येतो. मेहेरबानी नाही ही. पोरं चिडवतील म्हणशील. चिडवतील की! आत्ता काय आरती ओवाळतात? वेळ मागून घे.

शाहू महाराजांनी १९१७ साली इथं कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला दंड ठेवला. त्या हिशेबानं तुम्हालाच दंड करायला पाहिजे, असं तुझ्या वडिलांना तोंडावर म्हणालो. हसले नाहीत. वाईट माणूस नाही तो, दमलाय.

मी शाळा सोडली ते चुकलं, असं मात्र कबूल करणार नाही. त्या वेळी ह्या दुखण्याला आमच्याकडं नावच नव्हतं, मागायचं काय आणि कुणाकडं? तुला ती सबब नाही.

रविवारी वडिलांना घेऊन ये. शाळेला द्यायचा अर्ज तिघं मिळून लिहू. मला दोन तास लागतील. शुद्धलेखन ताईनं बघावं.

तुझा,
शेडवाला काका