इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीसारखी हलकी ट्राम आपल्या रस्त्यांवर चालेल का? दुचाकीवाल्यांचं काय होणार?

चालेल की. गाडी कुठेही चालते हो, प्रश्न रस्त्याखालचा आहे.

२०२५मध्ये कॉव्हेंट्रीत २२० मीटर रूळ टाकून चाचणी घेतली, तेव्हा जो तो त्या बॅटरीवरच्या गाडीचं कौतुक करत होता. वर तारा नाहीत, पन्नासेक माणसं मावतात वगैरे. मी बघत होतो रूळ बसवलेला काँक्रीटचा थर. रस्त्यात जेमतेम ३० सेंटिमीटर खोल! म्हणजे पाण्याच्या, गॅसच्या, विजेच्या लाइनी शक्यतो जागच्या जागी राहणार. खरा पैसा तिथे वाचतो. स्कॉटलंडमधल्या एडिंबरात ट्राम धावायला २०१४ उजाडलं, खर्च कुठल्या कुठे गेला, त्यात लाइनी हलवण्याच्या घोळाचा वाटा मोठा होता.

मी अकरा वर्षं युटिलिटी शिफ्टिंगच्या, म्हणजे रस्त्याखालच्या लाइनी हलवण्याच्या, साइटवर काढली आहेत. एका शहरात ड्रॉइंगमध्ये पाण्याची लाइन दीड मीटर खाली दाखवली होती. मी म्हटलं, आधी हाताने ट्रायल पिट घेऊ, म्हणजे लाइन नक्की कुठे आहे ते बघायला छोटा खड्डा, फार तर अर्धा दिवस जाईल. साहेब म्हणाले, "ड्रॉइंगवर सही कुणाची आहे ते बघ आणि जेसीबी लाव." दुसऱ्याच बकेटला खर्रकन आवाज आला आणि पाण्याचा फवारा थेट समोरच्या चहाच्या टपरीच्या पत्र्यावर. लाइन निघाली दोन फुटांवर, जुनी बिडाची. चावीवाला आला तर व्हॉल्व्हच्या चेंबरवर नवं डांबर चढलेलं. पहारीने ठोकून ठोकून चेंबर शोधला, तोवर तीन तास पाणी वाहत होतं. टपरीवाला भिजलेले पाव मोजत बसला होता. संध्याकाळी निष्काळजीपणाचा मेमो निघाला, माझ्या नावाने.

त्यामुळे '३० सेंटिमीटरच खोदायचंय' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आपल्याकडे घरांची अर्धा इंची कनेक्शनं कुठे कुठे वीतभर खालून गेलेली असतात. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली आणि तिचे रूळ पुढे काही दशकांनी हुतात्मा चौकात खोदताना सापडले. अख्खे रूळ पुरून विसरणारे आपण, पाइपांची नोंद काय ठेवणार? ट्राम जरूर आणा, पण दर वीस मीटरला ट्रायल पिट, तोही कुदळ-फावड्याने, आणि पिटमध्ये टेप धरून काढलेला फोटो ड्रॉइंगला जोडलेला. सही कुणाचीही असो, साहेब.

आता, मी रस्त्याखालचा माणूस. तिकीट किती, गर्दीला पन्नास माणसांची गाडी पुरेल का, हे मला विचारू नका. मला तरी ती मोठ्या रस्त्यांवर अपुरीच वाटते. दुसरं म्हणजे कॉव्हेंट्रीत शहराच्या मधोमध असली तरी ती छोटीशी चाचणी होती, रोजच्या वर्दळीत वर्षानुवर्षं चाललेली लाइन नव्हे.

हां, दुचाकी. ओल्या रुळावर चाक घसरणारच. शक्य तितकं काटकोनात ओलांडा आणि रुळावर असताना ब्रेक मारू नका.