'प्रिंटच तर आहे, एवढे पैसे कशाचे?' म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला काय सांगायचं

भाऊ, तू लिहिलंस की नांदेडच्या प्रदर्शनात कैलास लेण्याचा फोटो आठ हजाराला लावला तर लोक म्हणायलेत, कॉम्प्युटरवरून प्रिंटच काढलाय ना, आमचा फ्लेक्सवाला दोनशेत काढून देतो. त्यांच्याशी हुज्जत घालू नको. बहुतेकांनी चांगला प्रिंट जवळून बघितलेलाच नसतो, तर फरक कळणार कसा?

मी एकच फोटो दोन कागदांवर काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो, एक साध्या ग्लॉसीवर आणि दुसरा कॉटनच्या बराइटा पेपरवर (हलकी चमक असलेला जाड फोटो कागद) पिगमेंट शाईत, म्हणजे बारीक रंगकणांच्या शाईत. वेरूळचा बसाल्ट आधीच काळा, त्यात सावली, त्यामुळे स्वस्तातल्या प्रिंटमध्ये तो भाग म्हणजे नुसता काळा डाग होतो, आणि चांगल्यात त्याच सावलीत छिन्नीचे घाव एकेक करून दिसतात. गिऱ्हाईक आपोआप वाकून बघतं. तेव्हा आपण गप्प बसायचं, बघू द्यायचं. आणि हो, काळ्या दगडाला बराइटाच घे, मॅटवर, म्हणजे न चमकणाऱ्या कागदावर, काळं जरा उथळ येतं. धुकं, पहाट असले फोटो मात्र मॅट कॉटनवर लई सुंदर दिसतात.

दुसरं, टिकण्याचं. साध्या डाय शाईची (विरघळलेल्या रंगाची) आणि पिगमेंटची अशा दोन पट्ट्या घे, दोन्हीवर अर्ध्या भागाला जाड पुठ्ठा लाव आणि एप्रिल-मे गच्चीवर ठेव. आपल्याकडचं ऊन तुला माहीतच आहे. पुठ्ठा काढल्यावर जो फरक दिसतो तो दाखवला की जास्त बोलावं लागत नाही. पण शंभर वर्षं टिकतो असं छातीठोकपणे सांगू नको, ते आकडे लॅबमधल्या टेस्टवरून बांधलेले अंदाज असतात, तेही काचेमागे आणि ठराविक उजेडात.

'कॉम्प्युटरवर केलंय' म्हणून कमी समजणाऱ्यांना सांग, आंद्रेआस गुर्स्की या जर्मन फोटोग्राफरचा ऱ्हाइन नदीचा फोटो 2011 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 43 लाख डॉलरच्या वर गेला, आणि त्यातल्या नको त्या गोष्टी त्याने कॉम्प्युटरवरच काढून टाकल्या होत्या. तो प्रिंट आपल्यासारखा शाईचा इंकजेट नव्हता, प्रकाशाने उमटणाऱ्या फोटोपेपरवरचा होता, हेही सांग, लपवू नको.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, एडिशन, म्हणजे एका फोटोचे एकूण किती प्रिंट काढणार तो ठरलेला आकडा. दहा म्हणालास तर दहाच, अकरावा कुणासाठीच नाही, अगदी मामाच्या वास्तुशांतीलासुद्धा नाही. प्रत्येकावर नंबर, सही, सोबत कागद-शाई-तारीख लिहिलेलं सर्टिफिकेट. फाईलमधून हजार काढता येतात हे गिऱ्हाईकाला माहीत असतं, म्हणून तर त्याला शंका येते, आणि तू ते काढणार नाहीस या शब्दालाच तो पैसे मोजतो. तो शब्द एकदा मोडला की आधीच्या दहाही जणांना तू फसवलंस.

भाव पाडू नको. ज्यांना आठ हजार जमत नाहीत त्यांच्यासाठी लहान साइजची एडिशन ठेव, पण ती पहिला प्रिंट विकायच्या आधीच जाहीर कर. आणि फ्रेमवाल्याला बजावून सांग, मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) टाक, काच प्रिंटला टेकू देऊ नको, पावसाळ्यात चिकटते.