लंडनसारखी बससेवा लीड्समध्ये का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी शिकायला लीड्सला निघाली आहे. लंडनमध्ये तुम्ही पाहिली तशी बससेवा तिथे नाही, असं सगळे सांगतात. एकाच देशात इतका फरक का, आणि सरकार लीड्सला पैसेच देत नाही का?

पैसे कमी मिळतात हे खरं आहे, पण ते दुसऱ्या क्रमांकाचं कारण. पहिलं कारण असं की बस कुठून कुठे जाईल, किती वाजता सुटेल आणि भाडं किती असेल, हे लंडनमध्ये सार्वजनिक संस्था ठरवते. लीड्समध्ये ते अजून तरी मुख्यतः बसकंपन्याच ठरवतात.

याचं मूळ थॅचर सरकारच्या १९८५ च्या वाहतूक कायद्यात आहे. २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन वगळता ब्रिटनभर बससेवा नियंत्रणमुक्त झाली. परवाना असलेल्या कोणत्याही कंपनीने मार्ग आणि वेळापत्रक ट्रॅफिक कमिशनरकडे, म्हणजे बसपरवाने देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवायचं, ठरलेल्या मुदतीची पूर्वसूचना द्यायची आणि बस सुरू करायची. बंद करतानाही तेवढंच, फक्त सूचना. स्थानिक कौन्सिलची, म्हणजे तिथल्या महापालिकेची, परवानगी लागत नाही. कंपनीला जे परवडत नाही, म्हणजे रात्रीच्या फेऱ्या, रविवार, शहराबाहेरच्या वसाहती, ते कौन्सिलने निविदा काढून, पदरचे पैसे घालून चालवायचं.

यात कौन्सिलची कोंडी होते. गर्दीच्या मार्गांवरचा नफा कंपनीच्या खिशात आणि तोट्याच्या फेऱ्या तेवढ्या कौन्सिलच्या गळ्यात. सगळं जाळं एकाच्या हाती असतं तर पहिल्या नफ्यातून दुसरा तोटा काही अंशी भरून निघाला असता. २०१० नंतर केंद्राकडून कौन्सिलांना मिळणारं अनुदान घटत गेलं. वृद्ध आणि मुलांची देखभाल ही कौन्सिलची कायदेशीर जबाबदारी, तिला हात लावता येत नाही. बसला मदत देण्याची तशी सक्ती नाही. मग कात्री कुठे लागली असेल ते उघड आहे.

नियंत्रणमुक्तीने काय मोडलं ते न्यूकॅसलमध्ये सर्वांत स्पष्ट दिसलं. १९८० मध्ये तिथे टाइन अँड वेअर मेट्रो सुरू झाली. बसने उपनगरातल्या मेट्रो स्थानकापर्यंत यायचं आणि त्याच तिकिटावर गाडीने शहरात जायचं, अशी सगळी आखणी होती. १९८६ नंतर बसकंपन्यांनी प्रवासी स्थानकावर उतरवण्याऐवजी मेट्रोला समांतर थेट शहरात बस नेल्या. कंपनीच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच होतं, पण सार्वजनिक पैशातून उभारलेल्या मेट्रोचे प्रवासी त्यात पळाले.

लंडनमध्ये बस चालवणाऱ्या कंपन्या खासगीच आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ही संस्था एकेका मार्गाची निविदा काढते, कंपनीला सेवा चालवण्याचे ठरलेले पैसे देते आणि भाड्याचं सगळं उत्पन्न स्वतःकडे ठेवते. मुंबईत बेस्टने भाडेतत्त्वावर घेतलेल्या बस साधारण याच जातीच्या, किलोमीटरमागे दर. पण लंडनचा खरा कस देखरेखीत आहे. वारंवार बस असलेल्या मार्गावर तिथे वेळापत्रकाऐवजी प्रवाशाची जादा प्रतीक्षा मोजतात. समजा दर आठ मिनिटांनी बस आहे. सगळं सुरळीत असेल तर थांब्यावर केव्हाही येणारा माणूस सरासरी चार मिनिटं थांबतो. दोन बस जोडीने आल्या आणि मग सोळा मिनिटं काहीच नाही, तर सरासरी आठ मिनिटांवर जाते. बस तेवढ्याच धावल्या, डिझेल तेवढंच जळलं, पण प्रवाशाच्या लेखी सेवा निम्मी झाली. या वरच्या चार मिनिटांवर कंपनीचा बोनस किंवा दंड ठरतो. नुसत्या किलोमीटरवर पैसे दिले तर जोडीने धावणाऱ्या दोन बसचंही पूर्ण बिल निघतं. आणि दर फारच खाली पाडून घेतला तर कंत्राटदार मधेच काम सोडतो, हे मुंबईकरांनी पाहिलंच आहे.

आता पैशाचं बघू. लंडनलाही सरकार भरभरून देतं हा समज चुकीचा आहे. रोजच्या संचालनासाठी मिळणारं अनुदान, वर्षाला सुमारे ७० कोटी पौंड, २०१८ पर्यंत पूर्ण बंद झालं. कोविडआधी ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचं सुमारे ७० टक्के संचालन उत्पन्न प्रवासभाड्यातून येत होतं. जगातल्या मोठ्या शहरांत इतकं भाड्यावर अवलंबून राहणं दुर्मीळ. २०२० मध्ये प्रवासी गेले आणि काही आठवड्यांत संस्थेला सरकारपुढे हात पसरावे लागले.

तरीही लंडनकडे स्वतःची अशी साधनं आहेत. मध्य लंडनात मोटार आणण्याचं गर्दीशुल्क २००३ मध्ये ५ पौंडांनी सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ते १८ पौंड आहे, आणि ते उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करावं लागतं. एलिझाबेथ लाइन या लंडनच्या नव्या रेल्वेमार्गासाठी मोठ्या व्यावसायिक जागांवर २०१० पासून अधिभार आहे. इतर शहरांत असं काही करून दाखवलं ते नॉटिंगहॅमने. तिथे कर्मचाऱ्यांना ११ किंवा अधिक पार्किंगच्या जागा देणाऱ्या मालकाला २०१२ पासून प्रत्येक जागेमागे वार्षिक कर भरावा लागतो. सुरुवात २८८ पौंडांनी झाली, आता तो ५०० च्या वर आहे. त्याच पैशाच्या आधारावर ट्रामचे दोन नवे फाटे २०१५ मध्ये सुरू झाले. मँचेस्टरने मात्र २००८ मध्ये गर्दीशुल्कावर सार्वमत घेतलं आणि जवळजवळ ८० टक्के मतदारांनी ते धुडकावलं. तेव्हापासून बहुतेक ब्रिटिश पुढारी हा विषय निघाला की खिडकीबाहेर बघतात. मोटारवाल्यांचा इंधनकर मात्र २०११ पासून वाढलेला नाही, उलट २०२२ मध्ये लिटरमागे ५ पेन्स कमीच केला.

इतर शहरांना पैसा बराच काळ मुख्यतः स्पर्धेतून आणि बांधकामासाठी मिळत आला. कौन्सिलने सल्लागार नेमून अर्ज करायचा, तो मंजूर झाला तर बस स्थानक किंवा विजेवरच्या बस येतात. चालकांच्या पगाराला त्यातून काही नसतं, आणि बस चालवण्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगाराचाच. त्यात रस्त्यावरची कोंडी. एका मार्गाची पूर्ण फेरी ६० मिनिटांची असेल आणि दर १० मिनिटांनी बस द्यायची असेल, तर सहा बस लागतात. कोंडीमुळे फेरी ७० मिनिटांची झाली की त्याच सेवेला सात. एक बस आणि तिचे चालक वाढले, प्रवासी एकही वाढला नाही. बरं, सातवी बस घातली नाही तर अंतर दहाचं बारा मिनिटं होतं आणि काही प्रवासी मोटारीकडे वळतात. म्हणून माझ्या मते नव्या चकचकीत बसपेक्षा रंग मारलेली, कॅमेऱ्याने राखलेली बसची वेगळी मार्गिका पैशाला जास्त जागते. दुकानदारांचा विरोध होतो तो वेगळा.

लीड्सचं दुखणं आणखी एक. ट्रामचा प्रकल्प २००५ मध्ये सरकारने रद्द केला. मग ट्रॉलीबस आली, तीही २०१६ मध्ये नामंजूर झाली. २०२५ मध्ये वेस्ट यॉर्कशायरला, म्हणजे लीड्स ज्यात येतं त्या प्रदेशाला, वाहतुकीसाठी २१० कोटी पौंड जाहीर झाले आणि ट्रामचं नाव पुन्हा निघालं, पण मुदत आता २०३० च्या दशकाच्या अखेरीकडे सरकली आहे. मुलीच्या शिक्षणकाळात रूळ दिसणार नाहीत.

बसचं मात्र बदलतंय. २०१७ च्या कायद्याने महापौर असलेल्या प्रदेशांना लंडनसारखी पद्धत आणण्याचा अधिकार दिला. ग्रेटर मँचेस्टरने कंपन्यांचा न्यायालयीन विरोध पचवून सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ अशा तीन टप्प्यांत सगळ्या बस आपल्या नियंत्रणात घेतल्या. पिवळ्या बस, २ पौंड भाडं, बस आणि ट्रामला मिळून एकच दैनिक मर्यादा. पण प्रवासी घटले तर तोटाही आता कंपनीचा नाही, करदात्याचा. वेस्ट यॉर्कशायरने हाच निर्णय मार्च २०२४ मध्ये घेतला, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बदल करण्याचं नियोजन आहे. कायदा न बदलताही चांगली सेवा देणारं एक शहर आहे, एडिंबरा. तिथली लोदियन ही बसकंपनी कौन्सिलांच्याच मालकीची आहे, त्यामुळे नफा झाला तरी तो गावातच राहतो.

आता मुलीसाठी कामाचं. घर ठरवण्याआधी त्या थांब्यावरची शेवटची बस आणि रविवारचं वेळापत्रक बघा, घरमालकाच्या जाहिरातीतलं ‘दर दहा मिनिटांनी बस’ हे सोमवारी दुपारचं असतं. हेडिंग्लीसारख्या विद्यार्थ्यांच्या भागातून विद्यापीठाकडे दिवसा बस भरपूर असतात, आणि वेळ पडली तर चालतही जाता येतं. शहराच्या बाहेरच्या अंगाला भाडं स्वस्त दिसेल, तिथे रात्री परतण्याचा हिशेब आधी करा. पास घेताना नीट बघा. एका कंपनीचा पास दुसरीच्या बसमध्ये चालत नाही. दोन कंपन्यांच्या बस लागणार असतील तर एमकार्ड हा सर्व कंपन्यांना चालणारा पास घ्यावा, थोडा महाग पडतो. एकेरी भाड्यावर इंग्लंडभर ३ पौंडांची मर्यादा मार्च २०२७ पर्यंत जाहीर आहे, वेस्ट यॉर्कशायरने ती २०२५ मध्ये अडीच पौंडांवर ठेवली. रोज दोन फेऱ्या, आठवड्याला चार-पाच दिवस, एवढाच प्रवास असेल तर पासची किंमत सुट्या तिकिटांशी ताडून बघा. पूर्ण वर्षाचा पास पहिल्याच आठवड्यात काढू नका, दुसऱ्या सत्रात तासिका बदलतात आणि पुढच्या वर्षी घरही.